पेंढा आईने आणला होता

आई मंगळवारी सकाळी गेली. दुपारी शाळेतून फोन आला.

फोन नेहाचा होता. नेहा माझ्या वर्गात होती. आता ती त्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष आहे. तिने आधी हळहळ व्यक्त केली. मग म्हणाली, "बरं ऐक ना, गव्हाणीच्या ट्रंकेची किल्ली मावशींकडेच असायची ना? नाताळ तोंडावर आलाय गं. कुणाला पाठवू का घ्यायला?"

आई अजून घरात होती. चटईवर. पायाचे अंगठे सुतळीने बांधलेले. मामा पालीहून निघाला होता, त्याच्यासाठी आम्ही थांबलो होतो.

मी म्हणाले, "किल्ली आहे. मी घेऊन येईन." आणि फोन ठेवला.

आई त्या शाळेत शिपाईण होती, सगळे तिला मावशी म्हणायचे. शिपाईण हा कागदावरचा शब्द. ती संडास धुवायची, व्हरांडा झाडायची, घंटा द्यायची, कुणी वर्गात ओकलं तर राख टाकून पुसायची. नोकरी संपली तरी दर डिसेंबरला तिला बोलावणं यायचं. गव्हाणीच्या मूर्ती ट्रंकेतून काढायच्या, मांडायच्या, सण झाला की पुन्हा गुंडाळून ठेवायच्या. गुडघे धरले होते तरी ती जायची. मी रागावले की म्हणायची, "मूर्ती मीच काढणार. दुसऱ्याने हात लावायचा नाय." किल्ली तिने कधी कुणाला दिली नाही. मला वाटायचं, बिचारीला तेवढाच मान.

शाळा चढावर आहे. जांभ्याच्या भिंती, चौथीपर्यंतचे वर्ग. सिस्टरांची शाळा, पण मुलं बहुतेक हिंदू, थोडी मुसलमान, ख्रिस्ती अगदीच मोजकी. सण मात्र सगळे मिळून करायचे. मारियामातेच्या सणाला आम्ही परडीतून फुलं न्यायचो. नाताळला करवंट्यांमध्ये लाल माती घालून नाचणी पेरायचो, ती उगवली की गव्हाणीभोवती हिरवळ मांडायची. सणाला आपली शाळा म्हणजे एक कुटुंब, असं सिस्टर म्हणायच्या. या कुटुंबात मी बौद्धवाडीतली. मावशींची मुलगी. मला दुसरं नाव नव्हतं.

नाताळच्या आधीच्या आठवड्यांत हॉलमध्ये रिकामी गव्हाण ठेवायचे. लाकडी, लहानशी. शेजारी पेंढ्याची पेंडी. रोज प्रार्थना झाली की ज्याने काही सत्कृत्य केलं असेल त्याने पुढे यायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, आणि एक काडी गव्हाणीत ठेवायची. बाळ येशू येईल तेव्हा त्याचं अंथरूण मऊ झालेलं असायला हवं.

पेंढा आई आणायची. पालीहून, मामाच्या मळ्यातला. एसटीच्या टपावर टाकून, कंडक्टरची बोलणी खात.

मी तिसरीत होते. त्या वर्षी नेहाने मला तिचा जुना फ्रॉक दिला. पिवळा, गळ्याला लेस. मला तो आवडला. ते मी लपवत नाही. दुसऱ्या दिवशी गणवेशाची सुट्टी होती, मी तोच घालून गेले. प्रार्थना झाली. नेहा पुढे आली.

"काल मी मावशींच्या मुलीला माझा फ्रॉक दिला."

सिस्टर हसल्या. मला म्हणाल्या, "ये बाळ, पुढे ये. दाखव सगळ्यांना. मागे वळ."

मी वळले. टाळ्या झाल्या. नेहाने काडी ठेवली.

मुलं हुशार होती. त्यांना वाट सापडली. पुढचे दिवस मला पेन्सिलीचे तुकडे मिळाले. अर्धा खाल्लेला केक मिळाला. एकीने तिच्या डब्यातली भाकरी माझ्या हातावर ठेवली, वरून, हाताला हात लागणार नाही अशी. प्रत्येकाची काडी पडत होती. एके दिवशी डॉक्टरांचा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "काल मी तिच्या शेजारी बसलो."

एवढंच. माझ्या शेजारी बसला. त्याचीही काडी पडली.

अंथरूण मऊ होत चाललं होतं. माझी एकही काडी त्यात नव्हती. मी कुणावर उपकार करणार? माझ्या खाली कुणी नव्हतंच.

सिस्टरांच्या ते लक्षात आलं. वाईट बाई नव्हती ती. एकदा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आणि तू? तुझी काडी कधी?"

मी विचार करून म्हणाले, "आज आईने सगळ्यांचे संडास धुतले. तिची काडी मी ठेवू?"

मुलं हसली. संडास शब्दाला हसली असतील. सिस्टर हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "ते तिचं काम आहे, बाळ. काम वेगळं, सत्कृत्य वेगळं."

आई हॉलच्या दाराशी बादली घेऊन उभी होती. तिने ऐकलं. बादली उचलून ती निघून गेली.

नाताळच्या कार्यक्रमाला पालक आले. प्रमुख पाहुणे नेहाचे वडील. त्यांच्या आंब्याच्या बागा होत्या, हॉलचं छप्पर त्यांनी घालून दिलं होतं. नाटकात नेहा मारिया झाली. मला मेंढी केलं होतं. मेंढीला बोलायचं नसतं. पाठीवर पांढरं फडकं बांधून गव्हाणीशेजारी हातापायांवर थांबायचं.

नाटकाच्या शेवटी काही मुलांनी पालकांना आपलं सत्कृत्य सांगायचं होतं. पहिली नेहा. मारियाच्या निळ्या ओढणीत ती उभी राहिली आणि माईकमध्ये म्हणाली, "मी मावशींच्या गरीब मुलीला माझा आवडता फ्रॉक दिला." गरीब आणि आवडता, हे दोन्ही शब्द नवीन होते. पहिल्या रांगेत तिचे वडील टाळ्या वाजवू लागले. मग सगळा हॉल.

माझे हात जमिनीवर होते. गुडघ्यांना चिरे टोचत होते. पेंढा माझ्या तोंडासमोर होता. मी त्या काड्या ओळखत होते. कुठली फ्रॉकची, कुठली केकची, कुठली शेजारी बसल्याची.

मी उठून उभी राहिले. गव्हाणीत हात घातला. मुठी भरभरून पेंढा बाहेर काढला आणि खाली टाकला. लाकडाचा तळ दिसेपर्यंत. म्हणाले, "हा पेंढा माझ्या आईने आणलाय."

कुणीतरी म्हणालं, मेंढीला भूक लागली. हॉल हसला.

पेंढा आईलाच झाडायला लावला. झाडून झाल्यावर तिला नेहाच्या वडिलांसमोर उभं केलं. तिने हात जोडले. ते म्हणाले, "सुमनबाई, मुलीला वळण लावा. लोक प्रेमाने देतात, त्याची किंमत ठेवायला शिकवा." आई म्हणाली, "होय साहेब."

चढ उतरताना ती माझ्यापुढे चालत होती. वाडीच्या पाणंदीशी येऊन थांबली.

"काय झाला गो?"

मी सगळं सांगितलं. फ्रॉकपासून. ती ऐकत राहिली. मला मार बसेल असं वाटलं होतं. तिने माझ्या केसांतली पेंढ्याची एक काडी काढली, टाकून दिली आणि म्हणाली, "माझी नोकरी हाय तोवर गप ऱ्हव. मागाहून काय उपटायची ती उपट."

घरी तिने तो फ्रॉक मागितला. मी दिला. त्याचं काय केलं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मी गप राहिले. पुस्तकं वाचली. शहरातल्या एका कॉलेजात आता मराठी शिकवते. नेहा बाजारात भेटली की खांद्यावर हात टाकायची आणि सोबतच्या बायकांना सांगायची, "आमच्या मावशींची मुलगी बरं का, प्रोफेसर झालीय." आमच्या मावशींची. मी हसायचे. आईची नोकरी संपली तरी हसत होते, कारण आई अजून डिसेंबरात तो चढ चढत होती.

आईच्या नावाने वंदना होऊन पुण्यानुमोदन झालं. दुसऱ्या दिवशी नेहा घरी आली, सोबत सध्याच्या हेडसिस्टर. तरुण, मृदू बोलणाऱ्या. या वर्षीचा सगळा कार्यक्रम मावशींच्या स्मृतीत करायचा, असं ठरलं होतं. गव्हाणीशेजारी तिचा फोटो. तिच्या नावाने दर नाताळला एका गरीब मुलीला नवे कपडे. पहिली काडी मी ठेवायची आणि दोन शब्द बोलायचे. नेहाचे डोळे ओले होते, ते खोटे नव्हते. ती म्हणाली, "ट्रंकही तूच उघड. स्टेजवर, सगळ्यांसमोर. मावशी एकट्याच उघडायच्या, या वर्षी सगळे बघतील. छान वाटेल."

मी म्हणाले, येते.

हॉल तोच. फोटोला झेंडूचा हार होता. शाळेच्या जुन्या ग्रुप फोटोतून आईला कापून मोठं केलं होतं. आई कडेला उभी होती, त्यामुळे तिचा एक खांदा फोटोत आलाच नव्हता. नेहा माईकवर बोलली. हसतमुख सेवा, प्रेमळ स्वभाव, कुटुंबातल्याच एक. मग तिने मला बोलावलं.

मी ट्रंक उघडली. एकेक मूर्ती बाहेर काढली. मेंढपाळ, गाय, योसेफ, मारिया. सगळ्या आईच्या जुन्या साड्यांच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या. मी मूर्ती टेबलावर मांडत होते आणि साड्यांची घडी करून माझ्या पिशवीत ठेवत होते. लोक मोबाइल वर धरून बघत होते.

तळाशी बाळ येशू होता. तो साडीत नव्हता. पिवळ्या कापडात होता. मी ते उलगडलं. गळ्याला लेस.

आईने तो फ्रॉक ठेवूनच घेतला नव्हता. त्यांचा त्यांना देऊन टाकला होता, त्यांच्याच ट्रंकेत, त्यांच्याच देवाच्या अंगावर. दर डिसेंबरला ती तो काढत होती आणि पुन्हा गुंडाळत होती. मला गप राहायला सांगून ती स्वतः हे करत होती.

मी मूर्ती टेबलावर ठेवली. फ्रॉक हातात धरून माईकसमोर गेले.

"हा फ्रॉक नेहाने मला तिसरीत दिला," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मला इथे उभं करून मागे वळायला लावलं. त्याची तिला काडी मिळाली. माझ्या शेजारी बसल्याचीही एकाला मिळाली. आईने संडास धुतल्याची मिळाली नाही, कारण ते तिचं काम होतं. आईने फ्रॉक तेव्हाच परत केला होता. तुम्हाला कळलं नाही. म्हणून आज मी देते."

पहिल्या रांगेत नेहा बसली होती. जिथे तिचे वडील बसले होते तिथेच. मी खाली उतरून फ्रॉक तिच्या मांडीवर ठेवला. वर गव्हाणीशेजारच्या पेंडीतली एक काडी.

म्हणाले, "उठ. दाखव सगळ्यांना."

ती उठली नाही. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मी तिथेच उभी राहिले, बघत. मला ते बघायचं होतं. या वेळी कुणी हसलं नाही.

मग मी हार काढून टेबलावर ठेवला आणि फोटो काखेत घेतला. हेडसिस्टर दारापर्यंत मागे आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तुमचं दुःख कळतं. पण मावशींसाठी तरी माफ करा."

"माफ करणं सत्कृत्य आहे, सिस्टर," मी म्हणाले. "त्याची काडी मिळते. मला काडी नको."

किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. वरून.

नंतर नेहाचे फोन आले. मी घेतले नाहीत. तिने मेसेज केला, आपण लहान होतो गं. मी वाचला आणि उत्तर दिलं नाही. देणार नाही. आईच्या नावाने त्या शाळेत कुणाला कपडे वाटले तर मी तिथे जाईन, आणि त्या मुलीला सगळ्यांसमोर विचारीन, तुला मागे वळायला लावलं का?

आई नाही. घरात तिचा एका खांद्याचा फोटो आहे, पिशवीभर साड्यांचे तुकडे आहेत. मामाला मी सांगितलं आहे, आपल्या मळ्यातला पेंढा आता त्या शाळेत जाणार नाही.