कागदी कप

जपानमध्ये ग्योतोकुला राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं मी बहुतेक गप्पच होते. नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत. ती घरी आली की मराठीत विचारलेल्याचं उत्तर जपानीत देणार. ट्रेनमध्ये माझ्या शेजारची जागा गर्दीतही रिकामी राहायची. माणसं उभी राहतील, पण बसणार नाहीत. मी तिथे माझी पिशवी ठेवायला लागले. तेवढीच सोय, दुसरं काय!

वाचनालयात इंग्रजी पुस्तकांचं एकच कपाट होतं. तिथे ती भेटली. घानाची, जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात पार्टटाइम काम करणारी. आफ्रिकी कथांचा एक संग्रह दोघींनाही हवा होता, म्हणून दर बुधवारी आम्ही तो शेजारी बसून वाचायला लागलो. एका कथेत गोऱ्या साहेबाकडे जन्मभर राबलेला स्वयंपाकी आहे. घरात चिनी मातीची भांडी, त्याचा टवका उडालेला मग मात्र मोरीजवळ. साहेब मायदेशी जाताना सगळी भांडी त्याला देऊन जातात, आणि तो चहा त्याच मगातून पीत राहतो.

"माझ्या आजोबांकडे असाच मग होता," ती म्हणाली. मग मी तिला ट्रेनमधल्या जागेचं सांगितलं. तिच्या तर दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहायच्या. आम्ही इतक्या हसलो, की वाचनालयातल्या बाईंनी येऊन, वाकून, गप्प राहायची विनंती केली. तशी मी कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

संक्रांतीला सासूबाई पुण्याहून आलेल्या. हळदीकुंकवाला आसपासच्या मराठी बायकांबरोबर मी तिलाही बोलावलं. तिने हौसेनं कुंकू लावून घेतलं, तिळगूळ खाल्ला, वाणाची वाटी उलटसुलट करून पाहिली. सासूबाईंनी चहा आणला. सगळ्यांना कपबश्या, तिला कागदी कप.

तिने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उठून माझाही चहा कागदी कपात ओतून घेतला. ती हसली, पण ते हसू बुधवारचं नव्हतं. चहा संपवून तिने कप चेपून पर्समध्ये टाकला आणि सगळ्यांचा निरोप घेऊन गेली.

बायका गेल्यावर मी विचारलं, "आई, तिला कागदी कप का दिलात?"

"अगं, कप कमी पडले."

त्यांच्या मागे फळीवर धुतलेले कप होते. पुण्याच्या घरी कामवाल्या मावशींचा कप ओट्याखाली वेगळा असतो, तो मला आठवला.

"कप होते, आई."

"बरं, होते. एवढं काय त्यात? ती काय रोज येणार आहे?"

ती पुन्हा आली नाही. मेसेज केला तर कामाच्या वेळा बदलल्यात म्हणाली. बुधवारी मी तो संग्रह घेऊन बसते. शेजारची खुर्ची रिकामी असते, आणि त्या रिकाम्या खुर्चीसाठी मला जपानी लोकांना नावं ठेवता येत नाहीत.