चावी कुणी सांभाळली?

मांजरसुंब्याच्या घाटातली ती दुपार आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि माणसाला बोलतं कसं करायचं हे मला शिकवायला कुणी उरलं नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

ठाण्यात फोन आला. "सायेब, घाटात गाडी कठड्याला धडकलीय. बाई अडकलीय आत." डायरीला नोंद टाकून आम्ही निघालो.

गाडी विजेवर चालणारी. कठडा तुटलेला, पुढे दरी. चालवणाऱ्या शिक्षिकेचा पाय पेडलांमध्ये अडकलेला. एक ढाबेवाला खिडकीतून दोन्ही हातांनी तिची मान धरून उभा होता. बाकीचे लोक टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून दार उचकटत होते.

"गाडी बंदच हाय, आवाज कुठं येतोय?" एकानं मलाच समजावलं. तेवढ्यात बाईचा पाय हलला आणि गाडी आवाज न करता हातभर पुढे सरकली. सगळ्यांचं तोंड उतरलं. माझंही.

खालच्या गॅरेजचे चाचा धावत आले. त्यांना या गाड्यांची माहिती होती. त्यांनी आधी चाकांपुढे मोठे दगड लावले, मग बटण दाबून गाडी बंद केली. पण बाईचा पाय पुन्हा ब्रेकवर दाबला गेला आणि डॅशबोर्डचा पडदा उजळून गाडी पुन्हा चालू झाली.

"चावी जवळच हाय सायेब," चाचा म्हणाले. "हिची चावी लावावी लागत न्हाई, कुणाच्या खिशात असली तरी चालते. ती लांब गेल्याबिगर ही गाडी झोपत न्हाई. बॉनेट चेपलंय, छोटी बॅटरी काढता येत न्हाई. आन् नारंगी वायरीला कुणी हात लावू नका, तिच्यात जोराचा करंट हाय."

चावी गाडीत नव्हती. बाईच्या पर्समध्येही नव्हती. मी गर्दीवर ओरडलो, "चावी कुणी घेतली? सापडला तर चोरीचा गुन्हा दाखल करीन." चावी कुणाच्या खिशात असेल तर त्याच्याबरोबर लांब जाईल, म्हणून गर्दीला पन्नास पावलं मागे हटवलं. चाचांनी पुन्हा बटण दाबलं, पडदा पुन्हा उजळला.

म्हणजे चावी मागे गेलीच नव्हती. गाडीपाशी चाचा, मी, माझा शिपाई आणि ढाबेवाला एवढेच उरलो होतो. ढाबेवाला बाईकडे न बघता माझ्या बुटांकडे बघत होता. असं बघणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली होती. आवाज खाली आणून मी विचारलं, "काका, चावी तुम्ही सांभाळून ठेवलीय का?"

"डाव्या खिशात हाय, सायेब. हात सोडवंना," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. अपघात झाला की आधी चावी काढून घ्यायची, मागाहून कुणी गाडी पळवू नये, ही आमच्याकडची जुनी रीत. तो सगळ्यांच्या आधी पोहोचला होता आणि त्यानं तेवढंच केलं होतं.

शिपाई चावी घेऊन वळणापर्यंत पळाला. चाचांनी गाडी बंद केली, या वेळी ती बंदच राहिली. दार उघडलं, पाय सोडवला, बाई जिवंत बाहेर आल्या. त्यांचा पाय मात्र पुढे पूर्ण बरा झाला नाही. फार वेळ दबून राहिला, असं डॉक्टर म्हणाले.

जबाब घेताना ढाबेवाला हळूच म्हणाला, "सायेब, तुमी पहिल्यांदाच तसं इचारलं असतं तर मी लगेच दिली असती."

त्याचा जबाब मी शब्दशः लिहून घेतला, हे वाक्यसुद्धा.