दारूबंदी जिल्ह्यातला एक खरा फॉर्म

“दारू घेता?” मी विचारलं.

दिलीपभाऊंनी आधी गल्ल्यावर बसलेल्या वडिलांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग माझ्याकडे.

“ताई, आपला जिल्हा दारूबंदीचा आहे न?”

“जिल्ह्याचं नाही विचारलं भाऊ. तुमचं विचारलं.”

“मंग कशी घेईन?”

सिंदी मेघेला दिलीपभाऊंचं टाइल्सचं दुकान आहे. चाळिशीचा, तब्येतीनं भरलेला, बोलायला गोड माणूस. त्यांना टर्म प्लॅन हवा होता. म्हणजे हप्ते भरत राहायचे. मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना मोठी रक्कम, आणि जगला तर काही नाही. हे “काही नाही” आमच्याकडे लोकांना फार झोंबतं. “जगलो तं पैसे बुडले?” असं ते इतक्या दुःखानं विचारतात की जगण्यात तोटाच आहे असं वाटावं.

मी नालवाडीला राहते आणि वीसएक वर्षं विमा विकते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी पाहिली आहे. वर्धा जिल्ह्यात दारू कोणीच पीत नाही. निदान प्रपोजल फॉर्मवर तरी नाही. प्रपोजल फॉर्म म्हणजे विमा मागताना आपण कंपनीला स्वतःबद्दल दिलेली माहिती: वय, कमाई, आजारपण, सवयी. तंबाखूपुढेही लोक “नाही” सांगतात आणि सांगताना तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवतात. खर्रा आमच्याकडे तंबाखूत मोजत नाहीत. तो पाहुणचार आहे.

“भाऊ, खरं सांगा,” मी म्हटलं.

ते माझ्या कानाशी आले. “तुम्ही ‘हो’ लिहून द्याल अन् उद्या पोलीस दारात येतील. माझ्याच सहीचा पुरावा! अन् बाबा ऐकून राह्यले न. खादीवाला माणूस आहे तो.”

“पोलिसांचा आणि कंपनीचा काही संबंध नाही.”

“बरं, मी वर्ध्यात थेंब घेत नाई. घेतो ते बुटीबोरीले. तो नागपूर जिल्हा आहे. ‘जिल्ह्याबाहेर’ असं लिहिता येते का?”

असा रकाना नव्हता. फॉर्मला जिल्ह्याची हद्द कळत नाही, लिव्हर कळतं. मी फॉर्म अर्धवट ठेवून उठले.

दिलीपभाऊंची बायको वनिता माझ्यामागे स्कूटीपर्यंत आली. दुकानात मला चहा तिनंच आणून दिला होता.

“ताई, तुम्ही ‘नाही’ लिहू नका,” ती म्हणाली. “माझी बहीण समुद्रपूरले आहे. तिचे मालक लिव्हरनं गेले. फॉर्मवर लिहिलं होतं दारू नाई, अन् दवाखान्याच्या कागदावर लिहिलं, रोज घेत होते. कंपनीनं क्लेम नाकारला. बहीण आता कापसाच्या जिनिंगमध्ये जाते कामाले. मले तिच्यासारखं नाई व्हायचं.”

पॉलिसी घेतल्यावर पहिल्या तीन वर्षांत माणूस गेला तर कंपनी खोलात जाऊन चौकशी करते. दवाखाने, शेजारी, सगळं. विम्याच्या कागदात खोटं लिहिणारा माणूस गेलेला असतो. त्याला कोण काय विचारणार? उत्तर त्याच्या बायकोला द्यावं लागतं. वनिताचं ऐकून मला तिच्या नवऱ्याचा खरंच राग आला.

ऑफिसात ब्रँच मॅनेजर साहेब वाटच पाहत होते. मार्च चालू होता. मार्चमध्ये आमचे साहेब माणसांना नावानं नाही, केसनं ओळखतात.

“मॅडम, ती टाइल्सवाली केस काऊन अटकून राह्यली?”

“दारूच्या प्रश्नावर.”

“त्यात काय अटकायचं? वर्ध्यात ‘नो’च असते. टिक मारा, लॉगिन करा अन् पाठवा कंपनीले.”

“सर, तो पितो.”

“मॅडम, आपण सरकारच्या वर आहोत का? सरकार म्हणते इथं दारू नाई, मंग नाई.”

कायद्याचा एवढा आदर मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. “मी ‘नो’ टाकणार नाही,” म्हटलं, आणि टेबलाशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेले. बाबा गल्ल्यावर, वनिता जवळच, दिलीपभाऊ गिऱ्हाइकाला टाइल्स दाखवण्यात मुद्दाम गुंतलेले. गिऱ्हाईक गेल्यावर मी फॉर्म उघडला आणि तोच प्रश्न मोठ्यानं विचारला.

“नाई,” दिलीपभाऊ म्हणाले.

“हो लिहा,” वनिता म्हणाली.

दिलीपभाऊंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी चष्मा काढला, खादीच्या बाहीला पुसला आणि परत घातला.

“लिहा न ताई,” ते म्हणाले. “शनिवारी हा बुटीबोरीहून येते, तवा जिन्यात दोनदा अडखळते. माझी खोली जिन्याखालीच आहे. मी म्हातारा झालो, बह्यरा नाई झालो.”

“बाबा, तुम्हाले माहीत होतं? मंग कधी बोलले काऊन नाई?”

“तू लपवत होता. मले वाटे, लाज उरली आहे तं सुटन कधीतरी.” मग ते माझ्याकडे वळले. “सूनबाईच्या हाती कोरा कागद नाई आला पाह्यजे. लिहा.”

दिलीपभाऊंचा चेहरा उतरला. पण सुटल्यासारखेही वाटले. मग त्यांनी एकेक सगळं सांगितलं: काय, किती, आठवड्यातून किती वेळा. वनिताला वाटत होतं त्यापेक्षा आकडा थोडा मोठाच निघाला. त्या दिवशी चहा मग मला आणि बाबांनाच आला.

पुढची पायरी मेडिकल. उपाशीपोटी रक्त, लघवी, ईसीजी. त्याआधी दिलीपभाऊंनी आठवडाभर कारल्याचा रस घेतला. कारल्यानं तोंड तेवढं कडू झालं. लिव्हरचा एक आकडा जास्तच आला.

मग कंपनीच्या डॉक्टरचा फोन. त्याला टेलिमेडिकल म्हणतात. फॉर्मवर लिहिलेलंच डॉक्टर तोंडी पुन्हा विचारतो. डॉक्टर दूरच्या शहरातला होता.

“सर, ड्रिंक कितनी बार करते हैं?”

“डॉक्टरसाहेब, डिस्ट्रिक्ट में नहीं करता.”

“मतलब?”

“मतलब बाहर जाके करता.”

“बाहर मतलब विदेश?”

मी मागून हातानं खूण केली आणि दिलीपभाऊ बुटीबोरीवर आले.

आता निर्णय अंडररायटरचा. हा माणूस आपल्याला कधी दिसत नाही. ऑफिसात बसून सगळे कागद वाचतो आणि कंपनीनं किती धोका घ्यायचा ते ठरवतो. त्यानं केस नाकारली नाही. लोडिंग लावलं, म्हणजे नेहमीच्या हप्त्यावर जास्तीचा भार. दिलीपभाऊ कुरकुरले, “पिण्याचे पैसे तिकडं, पिल्याचे पैसे इकडं.” वनितानं मात्र हप्ता त्याच दिवशी भरायला लावला. पॉलिसी आली तेव्हा तिनं ती पिशवीत घातली आणि बहिणीला दाखवायला समुद्रपूरची बस धरली. निघताना तिनं माझा हात धरला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण वनितानं ती बचत गटात सांगितली.

त्यानंतर माझ्या फोनला उसंत नाही. सगळ्या बायकांचे फोन, सगळ्या हळू आवाजात. “ताई, आमच्या यांच्या फॉर्मवर काय लिहून आहे, पाहून सांगजा.” मी सांगते, आधी चुकीचं लिहिलं असेल तर कंपनीला लेखी कळवता येतं. हप्ता वाढेल, कदाचित पॉलिसी रद्दही होईल. पण जे हातात राहील ते खरं राहील. काही जणी नवऱ्याचा कान धरून घेऊन आल्या. साहेब वैतागले. “मॅडम, नवीन केस आणा. हे काय जुनं उकरून राह्यल्या?”

परवा आणखी एक असाच फोन आला. आवाज ओळखीचा होता. दिवाळीच्या फराळाला आम्हा ऑफिसातल्यांना दरवर्षी घरी बोलावणाऱ्या बाईचा.

“कल्पनाताई, साहेबांचा फॉर्म तुमच्याच ब्रँचमध्ये भरला न? त्यावर दारूपुढं काय लिहून आहे?”

मी केबिनमध्ये गेले आणि साहेबांना घरचा निरोप दिला. त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं, दार लोटलं आणि आवाज उतरवला.

“मॅडम, तो दुरुस्तीचा अर्ज कसा लिहितात?”

मी लिहून दिला. विम्याचा फॉर्म भरताना सही नवऱ्याची घ्यावी, पण उत्तरं बायकोला विचारावीत.