शकुनने निवडलेला स्पीकर

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी गाडी पांदणीच्या कच्च्या वाटेवरून डांबरी रस्त्याला लागत होती, तेवढ्यात माझी बायको शकुन ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, जरासक थांबा." डाव्या हाताला आमचीच बांधी होती, बांध घातलेलं धानाचं शेत. चिखल तयार होता, रोवणी चालू होती, बायकांची ओळ कमरेत वाकलेली होती. शकुनने चपला गाडीत काढल्या, पातळ खोचलं आणि सरळ चिखलात उतरली. कोणाच्या तरी हातातून धानाच्या रोपांची जुडी घेतली आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत रोवत गेली. परत आली, पाय धुतले, "चला" म्हणाली. मी मागच्या सीटवर गळ्याला दुपट्टा गुंडाळून बसलो होतो. वळून वळून शेताकडे पाहिलं ते मी. तिने एकदाही पाहिलं नाही.

गावातल्या तुम्हा सगळ्यांना हे माहीत आहे, पण आमच्यासारखेच गाव सोडून इकडे नागपुरात आलेले काही जण हे वाचतील, म्हणून सांगतो. रामटेकच्या अलीकडच्या गावांमध्ये मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर गळ्यात गाठ निघाली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच स्वच्छ सांगितलं होतं, "जीव वाचवू. आवाजाचं वचन देत नाही." त्यांनी शब्द पाळला. जीव वाचला. आवाजाच्या जागी नुसता वारा उरला. पुढे कितीतरी आठवडे रोज रेडिएशनचा शेक घ्यायचा होता, नंतर तपासण्या होत्या. म्हणून मुलीच्या, प्रज्ञाच्या, घराजवळ दोन खोल्या घेतल्या. शेती धाकट्या भावाकडे दिली. शकुनला मात्र तिचं शेत सोडवेल का, हे कोणी विचारलंच नाही, मीसुद्धा.

गावात माझी ओळख म्हणजे माझा आवाज. दर पौर्णिमेला विहारात वंदना मी घ्यायचो आणि नंतर ग्रंथाचं वाचनही माझंच. माझ्या वडलांना अक्षर येत नव्हतं. ते सगळ्यांत मागे, दाराशी बसायचे आणि घरी आल्यावर एवढंच म्हणायचे, "मांगच्याले आयकू आलं पायजे, बापू. पुढचा त तसाई आयकते."

नागपुरात मागचा काय नि पुढचा काय, माझं कोणालाच ऐकू येईना. ऑटोवाल्याला मी पत्ता सांगायचो, तो "क्या?" म्हणायचा, मी पुन्हा सांगायचो, तो दुसरं गिऱ्हाईक घ्यायचा. भाजीच्या ठेल्यावर मी बोट दाखवू लागलो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराची खात्री झाली की मी मुका आहे, आणि तो माझ्याशी हातवारे करायला लागला. मग मी बोलायचंच सोडलं. खिशात एक वही ठेवली. शकुन चौथीपर्यंत शिकलेली, शेतीच्या धबडग्यात वाचनाची सवय गेलेली. माझ्या वहीमुळे ती पुन्हा वाचायला लागली, आधी बोट ठेवून, मग बोटाशिवाय. ऑटोवाल्याला, डॉक्टरला, दुकानदाराला ती ते मोठ्याने वाचून दाखवायची. कुरकूर एकदाही नाही.

प्रज्ञाने माझ्यासाठी कमरेला बांधायचा एक छोटा स्पीकर आणला, कानाजवळून तोंडापुढे येणाऱ्या माईकवाला. मी गॅलरीत उभा राहून चार वाक्यं बोललो. आधी तो किंचाळला, मग माझा श्वास खरखरत बाहेर पडला. खालून एक बाई वर पाहून म्हणाली, "भाऊ, थांबा, रद्दी आणतो." तिला मी भंगारवाला वाटलो. प्रज्ञा हसली, मीही हसलो, आणि मी ते यंत्र कपाटात टाकून दिलं.

शकुन हसली नव्हती. तिने ते कपाटातून काढलं, कानाशी धरलं, बोटाने टकटक केली. "डबा खराब आहे," ती म्हणाली. "तुमच्या आवाजात काई खराबी नाई."

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी बायका जमतात. वाचणारं कोणी नव्हतं. शकुनने त्यांना परस्पर सांगून टाकलं की पुढच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी आमचे गुरुजी वाचतील. मला कळलं तेव्हा मी संतापलो. वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, "मला न विचारता?" तिने शांतपणे वाचलं. "इचारलं असतं त तुमी नाई म्हटलं असतं. म्हणून नाई इचारलं."

दोन दिवस मी वहीसुद्धा उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी प्रज्ञा आली. तिने मोबाइलवर दाखवलं की घरी जोडायचे स्पीकर मिळतात. लाकडाच्या फळ्या कापून येतात, आत बसवायचा स्पीकर वेगळा, तारा वेगळ्या. "बाजारातले तयार सगळे गाण्यांसाठी असतात आई, नुसते धडधडतात. यात आपल्याला पाहिजे तो निवडता येतो." शकुनला त्यातली एकच गोष्ट आवडली. "म्हणजे उघडून पायता येते," ती म्हणाली.

सदर भागातल्या एका गल्लीत अशा सामानाचं दुकान होतं. आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवलेला होता. "काका, कशासाठी पाहिजे?" मी खिशातली वही काढायला लागलो.

शकुन म्हणाली, "ह्यायले बोलायचं आहे."

"बोलायचं? मग हा बारा इंची घ्या ना. पूरा मोहल्ला सुनेगा."

खरं सांगतो, मला तोच आवडला. इतके महिने गप्प राहिलेल्या माणसाला अख्ख्या मोहल्ल्याने ऐकावं असं वाटलं तर त्यात नवल काय? मी त्याच्याकडे बोट दाखवलं. पण शकुनने दुकानदाराला आणखी दाखवायला लावलं. दुसऱ्यात दोन स्पीकर होते, मोठा जाड आवाजासाठी, छोटा बारीक आवाजासाठी, आणि आवाजाची वाटणी करायला आत एक पट्टी, जिच्यावर बरेच भाग कथील वितळवून डाग देऊन जोडायचे. तिसऱ्यात चार इंचांचा एकच स्पीकर, कसली वाटणी नाही, प्लायवूडचा साधा खोका. तो माझ्या नजरेत भरलाच नाही. दुकानदाराने बारा इंचीवर गाणं लावलं. काउंटरची काच थरथरली.

"गाणं नोको भाऊ. कोणी बोलून राहिलं असं लावा."

त्याने रेडिओच्या बातम्या लावल्या. शकुन दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून, तोंड रस्त्याकडे. बाहेर हॉर्न, फटफट्या, फेरीवाले. आणि ऐकलेल्या बातम्या ती मोठ्याने आम्हाला पुन्हा सांगायला लागली. बारा इंचीवर ती सारखी अडखळली. "धरणाचं काईतरी... नाई समजलं." दोन स्पीकरवाल्यावर बहुतेक सगळं सांगितलं, पण म्हणाली, "स अक्षर टोचते कानाले." चार इंचीवर तिने बातमी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जशीच्या तशी सांगितली, गावांच्या नावांसकट.

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "ताई, तुम्ही काय काम करता?"

"धान रोवतो."

तो हसला नाही, हे मला आवडलं. म्हणाला, "मी दुसरावालाच खपवला असता, खोटं कशाला बोलू. पण कान तुमचा बरोबर आहे. पहिल्यांदा बनवणाऱ्याने हाच घ्यावा, भाग कमी, चुका कमी. फक्त लग्नाकार्यात चालणार नाही. चाळीस-पन्नास माणसांच्या खोलीपुरता आहे."

"आमच्यायिथं तीसेक बसतेत," शकुन म्हणाली. "तेवढ्यायले पुरला म्हणजे झालं."

त्याने सोबत आवाज वाढवणारी छोटी पट्टी आणि उभा माईक दिला, आणि कागदावर चित्र काढून समजावलं की स्पीकर पुढे लोकांकडे तोंड करून ठेवायचा, माईक त्याच्या मागे. दोघं समोरासमोर आले की किंचाळतात.

घरी फळ्या जमिनीवर मांडल्या. मी सूचनांचा कागद वाचून वहीत सोपं करून लिहायचो, शकुन ते वाचून हाताने करायची. गोंद लावून फळ्या दाबून धरायला शिकंजे लागतात, ते आमच्याकडे नव्हते. तिने पोत्याची सुतळी चारही बाजूंनी आवळली आणि वर पाटा ठेवला. डाग द्यायची गरम सळई मी धरली तेव्हा कथलाचा पहिलाच थेंब फळीवर सांडला. तिने ती माझ्या हातातून घेतली. आयुष्यभर दोन बोटांनी चिखलात रोप उभं करणारी बाई ती, तारेच्या टोकावर थेंब असा ठेवला की सांडलाही नाही आणि पसरलाही नाही. मी मुलांच्या कित्येक पिढ्यांना "शाब्बास" म्हटलं. बायकोला म्हणायची वेळ आली तेव्हा गळ्यात आवाज नव्हता. वहीत लिहिलं. तिने वाचलं आणि वही बाजूला सारली. "आधी लाल तार कुठं जाते ते सांगा."

स्पीकर लागला, पण आतून बारीक शिट्टी येई. मला वाटलं, संपलं, बिघडला. मी खोका परत करायचं लिहिलं. शकुनने उदबत्ती पेटवली आणि खोक्याच्या कडेकडेने फिरवली. मागच्या खालच्या कोपऱ्यात धूर हलला. तिथे फट होती, हवा निसटत होती. लाकडाचा भुसा गोंदात कालवून तिने ती बुजवली आणि दिवसभर कोणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, आणि ओरडून म्हणाली, "बोला आता. मी सांगतो काय आयकू आलं ते."

मी माईकसमोर बसलो. एवढ्या दिवसांनी काय बोलावं, सुचेना. आणि जे सुचलं ते ठरवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "शकुन, तू तुझी बांधी सोडून माझ्यासाठी इथं आलीस. मी तुला एकदाही विचारलं नाही."

आतून आवाज आला, दुकानातल्यासारखाच, शब्दाला शब्द. "शकुन, तू तुझी बांधी सोडून..." आणि थांबला. नळ बंद झाला.

मग ती म्हणाली, "पुढचं आयकू नाई आलं."

मी पुन्हा म्हणालो.

"हां," ती म्हणाली. "आता आलं."

पौर्णिमेनंतरच्या त्या रविवारी विहारात मी वाचलं. आवाज पूर्वीचा नव्हता, तो परत येणार नाही. वाऱ्याला शब्दांच्या कडा फुटाव्यात तसं काहीतरी. पण शेवटच्या ओळीतल्या एका म्हातारीने मान वर करून विचारलं, "गुरुजी, ते मागचं वाक्य अजून एकदा वाचता का? चांगलं होतं." नागपुरात मला गुरुजी म्हणणारं ते पहिलं माणूस. मी वाक्य पुन्हा वाचलं.

तुम्ही फोनवर विचारता, परत कधी येता? डॉक्टर आता सहा महिन्यांनी बोलावतात, म्हणजे यायला हरकत नाही. मी शकुनला विचारलं, या वेळी मात्र आधी विचारलं. ती म्हणाली, "चार दिवस जाऊ, भेटून येऊ. पण आयतवारच्या आत वापस यावं लागते. पलीकडच्या वस्तीतल्या बायायनं स्पीकर सांगतला आहे माह्याकडे. त्यायची खोली मोठी आहे, चार इंची पुरत नाई. दुसरा पाहावा लागन."

मी इतकी वर्षं समजत होतो की घर म्हणजे आपली ओळख जिथे आधीच पोचलेली असते ती जागा. ती जागा तुमच्याकडे आहे, राहीलच. पण इथे दोन खोल्यांत जमिनीवर फळ्या पसरल्या आहेत, शकुन मोठ्या खोलीचं माप घेऊन आली आहे, आणि कोणता स्पीकर बरा यावर आमचं सकाळपासून भांडण चालू आहे. मी माझं म्हणणं वहीत लिहीत नाही. बोलून सांगतो. तिला पटत नाही ते वेगळं.