नानांचा फाटका अ‍ॅम्प

गेल्या रविवारी पारोळ्याला गेलो होतो... माफी मागायला. फार नाही, पंचवीसेक वर्षांचा उशीर झाला होता.

शांतारामनाना तिथले जुने रेडिओ मेकॅनिक. मी जळगावला कॉलेजात असताना ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो आणि माझा अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, नानांनी बनवलेला होता. जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह, बंद पडलेल्या टॉकीजचा स्पीकर, ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग स्वतःच्या हातचं. आवाज वाढवला की तो जरा फाटायचा... नुकत्याच रडून उठलेल्या माणसासारखा.

मला तो दोष वाटला. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, त्यामुळे मला सगळंच कळायचं. दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "नाना, हा अ‍ॅम्प आहे की कापसाच्या जिनिंगचं मशीन?" गिऱ्हाइकं हसली, नानाही हसले. मी खूश!

पुढे कळलं, की गिटारच्या अ‍ॅम्पचा सगळा इतिहासच या फाटण्याचा आहे. बनवणारे आवाज साफ राहावा म्हणून झटत होते आणि वाजवणारे मुद्दाम बटण शेवटपर्यंत पिळून तो फाडत होते. मग व्हॉल्व्हच्या जागी हलका, साफ ट्रान्झिस्टर आला... आणि वाजवणारे पुन्हा व्हॉल्व्ह शोधत फिरायला लागले.

यंदा मी डिजिटल अ‍ॅम्प घेतला. त्यात जुन्या अ‍ॅम्पचे आवाज भरलेले असतात. एकेक ऐकत होतो आणि एका आवाजाला थांबलो... नानांचाच अ‍ॅम्प की हा!

तो नानांना ऐकवायचा आणि सांगायचं, की तुम्ही बरोबर होतात. एवढ्यासाठी गेलो होतो.

ओट्यावर बसून वाजवलं. नानांनी मान तिरकी करून ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"फाटी ऱ्हायना ना भाऊ," ते म्हणाले. "नवा शे ना हाऊ?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच सांगायला लागले. माझ्या त्या बोलण्यानंतर त्यांनी आणखी तिघांना दिलेले अ‍ॅम्प परत मागवले होते. सगळे ट्रान्झिस्टरवर करून दिले, माझा तर सगळ्यांत आधी केला होता. "बठ्ठा व्हॉल्व्ह काढी टाकात मी. तू शिकेल माणूस, तोंडवर सांगं. नही ते लोकस्ले खराब माल देत ऱ्हातू."

लोकांना खराब माल देत राहण्यापासून वाचवलं, म्हणून वर माझे आभार मानले... चहा पाजला.

तुम्ही बरोबर होतात म्हणजे, नाना, एका पोराच्या टवाळीपायी तुम्ही आपलं सगळ्यात चांगलं काम स्वतःच्या हातांनी मोडलंत... हे ऐंशीच्या घरातल्या माणसाला कसं सांगतात?

नानांनी माझ्या अ‍ॅम्पची बटणं फिरवत फिरवत आवाज स्वच्छ केला. "आते कसा?" मी म्हणालो, "एकदम साफ, नाना." खूप समाधान दिसलं त्यांच्या तोंडावर.

त्यांना वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलो, असं परतताना स्वतःला पटवत होतो. वाटेतल्या एरंडोलपर्यंत पटलंही. पुढे पटेना... कारण गप्प राहण्यात माझीही सोयच होती.

नाना फेसबुकवर नाहीत. असते तर ही पोस्ट लिहिली असती का, हे कृपया कमेंटमध्ये विचारू नका... उत्तर मला माहीत आहे.