दिग्गीच्या चढावावरचा टर्बो

मी पोहोचलो तेव्हा ट्रक चढावाच्या मध्यावर उभा होता. मागच्या चाकांना दगड लावले होते. इंजिनाखालून काळं ऑइल ओघळत लाल मातीतून कडेच्या चरीपर्यंत गेलं होतं. मी खाली वाकून बॅटरी मारली. ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाला, मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. आत पिस्टनला जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटलेला दिसत होता.

ड्रायव्हर खंडू कडेला उकिडवा बसला होता. बावीस वर्षं गाडी चालवणारा माणूस, पण हात मांडीखाली दाबून धरले होते.

"काय झालं रं?"

"इंजिन बंदच हुईना, मिस्त्री. किल्ली काढली, स्टॉपर वडला. तरी आपलं आपण पळतंयच. आवाज वाढतच चाललाय."

"मग?"

"केबिनमधी दवाखान्याला निघालेल्या दोन बायका हुत्या. आदी त्यास्नी उतरवलं. मग टॉप गिअर टाकला, ब्रेकवर उभा ऱ्हायलो आन् क्लच सोडला. दणका बसला आन् थांबलं."

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी ठिणगी लागत नाही. दाबलेल्या गरम हवेत जे जळण्याजोगं येईल ते पेटतं. इंजिनाचं स्वतःचं ऑइल हवेच्या वाटेनं आत गेलं तर तेही पेटतं. मग डिझेल तोडूनही उपयोग नाही. इंजिन आपलंच ऑइल पिऊन सुटतं. आम्ही त्याला 'गाडी सुटली' म्हणतो. अशा वेळी बहुतेक जण उडी टाकतात. खंडूनं टाकली नाही; टॉप गिअर आणि ब्रेकच्या जोरावर इंजिन दाबून बंद पाडलं.

तीन आठवड्यांपूर्वी त्या ट्रकला मोठा टर्बो मीच बसवला होता.

ट्रक रामनगरच्या परशुराम अण्णांचा. जुना, सहा चाकांचा. कुंभारवाडा, दिग्गी या बाजूला खत, पत्रे, सिमेंट न्यायचा आणि येताना भाताची पोती आणायचा. बस कमी, म्हणून माणसंही त्यातूनच जायची-यायची. अण्णा एक दिवस गॅरेजमध्ये आले.

"मिस्त्री, भरली गाडी चढावाला रडती बगा. पहिल्या गिअरात माणूस बाजूनं चालत पुढं जातोय. कायतरी करा."

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवा मिळाली की जास्त डिझेल नीट जळतं आणि ओढ वाढते. अण्णांच्या गाडीचा टर्बो लहान आणि झिजलेला होता. भंगारात गेलेल्या एका नव्या मॉडेलच्या ट्रकचा मोठा टर्बो मला मिळाला. तो जुन्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीवर, बसेना. मधे प्लेट बनवली. डिझेलचा पंप सेट केला. राहिली ऑइलची रिटर्न पाइप.

टर्बोचा दांडा मिनिटाला हजारो फेरे फिरतो, म्हणून त्याला सतत ऑइल लागतं. वरून ऑइल दाबानं येतं, पण परत खाली, इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये, ते आपल्या वजनानं उतरतं. त्याला ढकलणारं काही नसतं. पाइप सरळ खाली न्यायला इंजिन धरून ठेवणारा फाउंडेशनचा ब्रॅकेट आडवा येत होता. मी तिला वळसा देऊन पुढच्या बाजूनं नेली. मधला वीतभर भाग जवळजवळ सपाट झाला. ते माझ्या डोळ्यांना दिसत होतं. चालेल म्हटलं.

रामनगरच्या सपाट रस्त्यावर भरली गाडी दोनदा फिरवली. ओढ मस्त. अण्णा खूश.

चौथ्या दिवशी खंडू आला. "मिस्त्री, चढ संपून वर आलं की निळा धूर मारतीया. पयलं असं न्हवतं."

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. हे मला शिकाऊ असल्यापासून माहीत आहे. पण त्या दिवशी हाताखाली दुसरी गाडी खोललेली होती.

"नवीन बसवलंय. सील बसायला वेळ लागतो. चालव," मी म्हणालो.

तो मान हलवून गेला. मिस्त्रीनं सांगितलं म्हणजे बरोबर असणार.

चढावावरून तो इंजिन फुटलेला ट्रक ओढून गॅरेजमध्ये आणला. टर्बो आणि पाइप तशीच जोडलेली ठेवून मी चेंबरकडचं टोक सोडलं. वरून ऑइल ओतलं. हळूहळू का होईना, उतरलं. मग पुढच्या बाजूला जॅक लावून गाडीचं नाक वर केलं, चढावावर असतं तेवढं. पुन्हा ऑइल ओतलं. ते पाइपमध्येच थांबलं. पाइप पुढं गेलेली, नाक वर झालं की तोच सपाट भाग उलटा चढ व्हायचा. खाली उतरायला वाट नाही, म्हणून ऑइल टर्बोत तुंबायचं आणि ते अडवणाऱ्या सीलमधून हवेच्या वाटेला लागायचं. मी जॅक उतरवला. गॅरेजमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले.

"खंड्यानंच फोडलं न्हवं? पळत्या इंजिनावर क्लच सोडला म्हणं. रॉड तुटणारच की."

"इंजिन जुनं होतं, अण्णा," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. पण अण्णांनी विचारलं ते हे नव्हतं. त्यांनी हवा तो अर्थ घेतला आणि मी घेऊ दिला. दोन दिवसांनी त्यांनी खंडूला कामावरून काढलं. रामनगर लहान आहे. इंजिन फोडणारा ड्रायव्हर म्हणून तो आठवड्यात सगळ्यांना माहीत झाला. दोन मालकांनी मला विचारलंही, "माणूस कसा हाय?" "चांगला आहे," म्हणालो. ते पुढचं ऐकायला थांबले. पुढचं मी बोललो नाही.

महिन्याभरानं दुसरा ब्लॉक मिळाला. इंजिन बांधलं. या वेळी ब्रॅकेट कापून पाइप सरळ खाली आणली. अण्णा बघत होते.

"ही पाइप येगळी का केली?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. धूर येतो हे खंडूनं आधी सांगितलं होतं, तेही. 

"मग खंड्याला मी कशापायी काढलं?"

 "मी जाऊन आणतो त्याला," एवढंच म्हणालो.

कुंभारवाड्याला त्याच्या घरी गेलो. बायको अंगणात सुपारी वाळत घालत होती. "गोव्याला गेल्यात," ती म्हणाली. "गाडीवर न्हाई. गेटवर बसत्यात." तिनं पत्ता दिला. पाणी विचारलं नाही.

रविवारी तिथं गेलो. एका सोसायटीचं गेट. खंडूच्या अंगावर सैल निळा शर्ट, खांद्यावर पट्टी. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तो ऐकत होता.

"म्हंजे क्लच सोडला ते चुकलं न्हवतं?"

"नाही. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. रॉड तसाही जाणार होता. तू त्या दोन बायकांना वाचवलंस."



"अण्णा बोलावतायत," मी म्हणालो. "चल."

"न्हाई, मिस्त्री. इथं आल्यावर टेम्पो चालवून बघितला की. चढ आला की पाय उचलत न्हाई. क्लच दाबवत न्हाई." मग म्हणाला, "आपल्याच हातनं झालं म्हणून रोज तेच डोक्यात. तुमी तवाच सांगितलं असतं तर..."

बाहेर गाडीनं हॉर्न दिला. तो गेट उघडायला गेला. मी परत फिरलो.

अण्णांचा ट्रक आता दुसरा ड्रायव्हर चालवतो. दिग्गीचा चढ भरल्या गाडीनं दुसऱ्या गिअरात चढतो. धूर नाही, तक्रार नाही.

घाटात चालणाऱ्या गाडीची ट्रायल घाटातच घ्यावी, हे मी आता न चुकता पाळतो. आणि आपली चूक सापडली की त्याच दिवशी बोलावं. महिन्यानं सांगितलेलं खरं कुणाच्या कामाला येत नाही.