गाऱ्हाण्याला माणूस हवा

गोडदेवला आमच्या बिल्डिंगमागे मारुतीचं छोटं देऊळ होतं. ऑफिसला जाताना मी बाहेरूनच नमस्कार उरकायचो. एका सकाळी आतून हाक आली, "ओ साहेब, आत या! गाऱ्हाणं घालतोय, व्हय म्हाराजा कोण बोलणार?"

हाताला ऑइलपेंट लागलेले एक रंगारीकाका. गाव रत्नागिरीकडचं. तिकडे एकाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी व्हय म्हणायचं. इथे बाकीचे आणायचे कुठून? दिसेल त्याला पकडायचे.

"बा मारुतीराया, पाणी आलं की वरची बाय आमच्या पायपाला मोटर लावते, तिला अक्कल दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटलो.

"मोठ्याने! त्याच्या कानात शेंदराचे कोट चढलेत."

मग मी रोजच सापडायला लागलो. टँकरवाला, बिल्डर, काकांचा जावई, सगळ्यांची तक्रार जायची. एकदा माझ्या साहेबाचीही गेली. त्या दिवशी माझा आवाज पार नाक्यापर्यंत गेला असेल.

एका सकाळी काका नुसतेच हात जोडून उभे होते. त्यांची मुलगी हॉस्पिटलमध्ये सिरीयस आहे, असं पुजाऱ्याने मला हळूच सांगितलं.

"बा मारुतीराया," त्यांनी सुरुवात केली, "माझी पोरगी..."

पुढे नुसते ओठ हलत राहिले. मला ते बघवेना. मी जीव खाऊन ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

काका दचकले. मग डोळे पुसत मारुतीला म्हणाले, "बघ, मी अजून मागितलंपण नाय, तरी साहेब व्हय बोलून बसले. आता तू कसा नाय बोलशील?"